व्हाइटहॉर्स ते एडमंटन: भाड्याच्या मोटरहोमने अलास्का हायवेवरून घरी

निवृत्तीनंतर मोटरहोम भाड्याने घेऊन उत्तर कॅनडा पाहावा, असे मनात असलेली बरीच मराठी जोडपी आमच्या ओळखीत आहेत. त्यांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो आणि दुसरा, थोडा आवाज खाली आणून विचारलेला, शौचालयाचा. दोन्हींविषयी पुढे लिहिलेच आहे. पण आमचे मत आधीच सांगून टाकते. मोटरहोमचे मोल ती कोणत्या रस्त्यावर नेली जाते यावर ठरते. वायव्य कॅनडातल्या युकॉन प्रदेशाची राजधानी व्हाइटहॉर्स ते आमचे गाव एडमंटन हे अंतर सुमारे दोन हजार किलोमीटर आहे. त्यातल्या पहिल्या अर्ध्या वाटेवर या गाडीने भाड्याचा डॉलर न् डॉलर वसूल करून दिला आणि उरलेल्या अर्ध्या वाटेवर तीच गाडी आम्हाला ओझे झाली.

जाताना आम्ही विमानाने व्हाइटहॉर्सला गेलो आणि तेथे गाडी ताब्यात घेऊन ती एडमंटनला परत करण्याच्या बोलीवर रस्त्याने घरी आलो. महिना जूनअखेरचा होता. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण खाली ज्या उणिवा लिहिल्या आहेत त्या या वर्गातल्या बहुतेक भाड्याच्या गाड्यांत कमीअधिक प्रमाणात आढळतात, आणि त्या एकीच्याच माथी मारणे योग्य होणार नाही.

गाडी पंचवीस फुटी होती. फोर्डच्या व्हॅनचा पुढचा भाग आणि मागे त्याच सांगाड्यावर बसवलेली खोली, अशी तिची रचना असते. चालकाच्या डोक्यावर एक जास्तीचा बिछाना असतो. आमच्या आल्बर्टा प्रांतातला साधा परवाना तिला पुरतो. प्रशस्त रस्त्यावर ती चालवणे कठीण नाही, आम्ही दोघांनी आळीपाळीने चालवली. मात्र मागचे चाक आणि गाडीचे शेपूट यांत बरेच अंतर असल्याने वळताना ते शेपूट विरुद्ध बाजूला झाडले जाते, हे पेट्रोल पंपाच्या खांबाजवळ विशेष लक्षात ठेवावे लागते. शंभर किलोमीटरला वीस ते पंचवीस लिटर पेट्रोल लागते. ऐकून छातीत धस्स होते, पण टाकीही सुमारे दोनशे लिटरची असल्याने वाटेत पेट्रोल संपण्याची जी भीती लोक घालतात ती या गाडीच्या बाबतीत फारशी खरी नाही. वॉटसन लेक ते फोर्ट नेल्सन हा सुमारे ५१५ किलोमीटरचा सर्वांत निर्जन टप्पा भरलेल्या टाकीत आरामात पार होतो. अडचण दराची आहे. आडवाटेच्या लॉजवर पेट्रोल शहरापेक्षा बरेच महाग मिळते, त्यामुळे टाकी मोठ्या गावातच काठोकाठ भरून घेणे शहाणपणाचे.

साठी उलटलेल्यांनी गाडी निवडताना इंजिनापेक्षा पलंगाची चौकशी अधिक बारकाईने करावी, असे माझे ठाम मत झाले आहे. बावीस-तेवीस फुटांच्या लहान गाड्यांत पलंग बहुधा मागच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटून असतो, म्हणजे आतल्या बाजूला झोपलेल्याला रात्री उठायचे झाले की बाहेरच्याला ओलांडून जावे लागते. आणि या वयात रात्री उठावे लागतेच. आम्ही दोन्ही बाजूंनी उतरता येईल असा पलंग मागून घेतला होता आणि त्यासाठी गाडीची लांबी वाढली ती आनंदाने पत्करली. डोक्यावरच्या बिछान्याची शिडी मात्र केवळ नातवंडांसाठी आहे. आम्ही त्या जागेत बॅगा ठेवल्या. चढायची पायरीही गुडघ्यांचा विचार करून बनवलेली नाही, तेव्हा घडीची एक छोटी पायरी सोबत ठेवलेली बरी.

स्वयंपाकघर हा या गाडीचा सर्वांत उजवा भाग. प्रोपेनवर चालणारी शेगडी, बेताचे ओटे, आणि वीज नसताना प्रोपेनवर थंड राहणारा फ्रिज, एवढ्या सामग्रीवर दोन माणसांचा साग्रसंगीत स्वयंपाक होतो. डाळी, मसाले, मेतकूट आणि तीन लिटरचा कुकर आम्ही घरून नेला होता. भाजी, दूध आणि पीठ व्हाइटहॉर्सच्या मोठ्या दुकानांतून घेतले. तेथून पुढे मोठा बाजार फोर्ट नेल्सनपर्यंत नाही आणि वाटेतल्या उपाहारगृहांत शाकाहारी माणसाच्या वाट्याला बटाट्याचे काप व चीजचे सँडविच यांपलीकडे फारसे काही येत नाही. फोडणी देण्यापूर्वी छताचा पंखा सुरू करून खिडकी उघडावी, नाहीतर मोहरी तडतडण्याच्या आत धुराचा भोंगा वाजू लागतो. हिंगाच्या वासाने अस्वले येतात का, हा यजमानांचा प्रश्न मी हसण्यावारी नेला होता. पण अस्वलाच्या मुलुखात अन्नाचा कोणताही वास अस्वलाला बोलावणेच असते, असे तेथील सूचनाफलकच सांगतात. म्हणून ताटे, कचरा, अगदी खरकट्या पाण्याचे भांडेदेखील बाहेर ठेवायचे नाही, हा नियम आम्ही काटेकोर पाळला. दाराबंद खोलीत शिजवता-जेवता येते, हा तंबूच्या तुलनेत मोटरहोमचा केवढा मोठा फायदा आहे ते अशा ठिकाणी कळते.

आता पाणी आणि शौचालय. गाडीच्या पोटात तीन टाक्या असतात: एक वापरायच्या पाण्याची, एक अंघोळीच्या व भांड्यांच्या सांडपाण्याची आणि एक मैल्याची. शेवटच्या दोन टाक्या ठरावीक जागी नळी जोडून रिकाम्या कराव्या लागतात, ज्याला कॅनडात सॅनी-डंप म्हणतात. आधी मैल्याची टाकी सोडावी, मग सांडपाण्याची, म्हणजे त्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हातमोजे घालून केले तर काम दहा मिनिटांचे आहे आणि लोक समजतात तितके किळसवाणे नाही. यजमानांनी ते पहिल्या दिवशीच आपणहून पत्करले आणि शेवटपर्यंत निभावले, याची नोंद येथे केली नाही तर अन्याय होईल. गरम पाण्याची टाकी जेमतेम तेवीस लिटरची असते. फवाऱ्याखाली ती डोळ्यांदेखत संपते. त्याच पाण्यात बादली-तांब्याने दोघांची अंघोळ नीट उरकते, म्हणून व्हाइटहॉर्सला एक छोटी बादली विकत घेतली. संपूर्ण प्रवासातली ती सर्वांत किफायतशीर खरेदी ठरली.

खरी तक्रार आहे ती बॅटरीची. रात्री उष्णता देणारी भट्टी प्रोपेनवर चालत असली तरी तिचा पंखा गाडीच्या बॅटरीवर चालतो, आणि जूनअखेरही डोंगरातल्या रात्री चांगल्याच गारठतात. आमच्या गाडीची बॅटरी जुनी होती, त्यामुळे पहाटे पंखा मंदावून भट्टी बंद पडत असे. कंपनीचा मदतीचा दूरध्वनी चोवीस तास चालू असल्याचे माहितीपत्रकात ठळक छापले होते. पण गावाबाहेर पडल्यावर या रस्त्यावर मोबाइलला रेंज नसते, तेव्हा त्या चोवीस तासांचा उपयोग आम्हाला गावात पोहोचल्यावरच. व्हाइटहॉर्सच्या डेपोत गाडी समजावून सांगणारा तरुण अत्यंत सौजन्यशील होता, मात्र सगळी माहिती त्याने पाऊण तासात भरभर उरकली. भट्टी, फ्रिज, पाण्याचा पंप आणि जनरेटर ही चारही यंत्रे आपल्यासमोर सुरू करून दाखवायला लावावीत आणि बॅटरी किती जुनी आहे हे स्पष्ट विचारावे. दुसरी तक्रार आवाजाची. गोठण्या-वितळण्याने या रस्त्यावर जागोजागी उंचवटे आलेले आहेत आणि त्यांवरून जाताना कपाटातली प्रत्येक ताटली बोलू लागते. ताटल्यांमध्ये पंचे घातल्यावर ती कुरबुर निम्मी झाली.

अशा गाडीची या रस्त्यावर गरज का पडते, हे रस्त्याच्या इतिहासावरून कळते. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर अलास्काला जमिनीवरून रसद पोहोचवण्यासाठी अमेरिकन सैन्याने १९४२ मध्ये हा रस्ता काही महिन्यांत जंगलातून काढला. दहा हजारांहून अधिक सैनिक त्यासाठी राबले आणि त्यांत कृष्णवर्णीय पलटणींचा वाटा सुमारे एक-तृतीयांश होता, ही गोष्ट पुढे कित्येक वर्षे फारशी सांगितलीच गेली नाही. १९४८ मध्ये तो सर्वसामान्यांच्या वाहतुकीला खुला झाला. त्या काळी खडीचा रस्ता, मंद गाड्या आणि वरचेवर फुटणारी चाके यांमुळे थोड्याथोड्या अंतरावर लॉज उभे राहिले, जेथे जेवण, पेट्रोल, दुरुस्ती आणि खाट मिळे. आता रस्ता डांबरी आहे, नागमोडी वळणे बरीच सरळ झाली आहेत, गाड्या एका टाकीत दूर जातात. परिणामी लॉज एकामागून एक बंद पडत गेले. पाट्या उतरलेल्या, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या अशा इमारती वाटेत दिसत राहतात. नकाशात नाव आहे म्हणून तेथे खोली मिळेल असे धरून चालता येत नाही, आणि जे लॉज चालू आहेत तेथील मोजक्या खोल्या उन्हाळ्यात आधीच भरलेल्या असतात. स्वतःचे घर पाठीवर घेऊन जाण्याला या टप्प्यात खरा अर्थ आहे तो यामुळे.

उतरायला युकॉन सरकारच्या कॅम्पग्राउंडसारखी जागा नाही. तेथे वीज नाही, नळ नाही, फवारा नाही. हातपंपाचे पाणी असते आणि ते उकळूनच प्यावे अशी सूचना असते. पण जागा ऐसपैस, दोन गाड्यांमध्ये झाडांचा दाट पडदा, तळ्याचा काठ, आणि शेकोटीसाठी फोडून ठेवलेली लाकडे शुल्कातच समाविष्ट. शुल्क भरायची पद्धतही जुन्या काळची आहे: पाकिटात रोख रक्कम घालायची, गाडीचा क्रमांक लिहायचा आणि ते लोखंडी पेटीत टाकायचे. कोणी पहारा देत नाही. सुटे पैसे जवळ नसतील तर मात्र अडचण होते, कारण मोडून द्यायलाही तेथे कोणी नसते. टेस्लिन तळ्याच्या काठावरच्या कॅम्पग्राउंडमध्ये आम्ही थांबलो तेव्हा रात्री अकरालाही वाचता येईल इतका उजेड होता. जूनमध्ये या भागात दिवस सुमारे एकोणीस तासांचा असतो आणि उरलेल्या वेळातही नीट अंधार पडत नाही. गाडीच्या पडद्यांच्या कडांतून प्रकाश झिरपतो, तेव्हा डोळ्यांवर बांधायची पट्टी अवश्य न्यावी. डासांबद्दल वेगळे लिहीत नाही. जाळीचे दार एक मिनिट उघडे राहिले तरी ते स्वतःची ओळख करून देतात.

वॉटसन लेकच्या पाट्यांच्या जंगलाबद्दल पुष्कळांनी भरभरून लिहिले आहे. रस्ता बांधण्याच्या कामावर असताना कार्ल लिंडली या सैनिकाने १९४२ मध्ये आपल्या गावाच्या, इलिनॉयमधल्या डॅनव्हिलच्या, नावाची पाटी लावली. मग येणारेजाणारे आपापल्या गावांच्या पाट्या ठोकत गेले आणि त्यांची संख्या ऐंशी हजारांच्या पुढे गेली. अर्धा तास हिंडायला जागा मजेदार आहे, त्याहून अधिक वेळ देण्याची गरज वाटली नाही. आमच्या नजरेला देवनागरीतली पाटी काही पडली नाही. वॉटसन लेकचा आमच्या लेखी मोठा उपयोग हा की येथे टाक्या रिकाम्या करून पाणी आणि पेट्रोल भरून घेता येते.

या वाटेवर एकच मुक्काम करायची मुभा असेल तर तो ब्रिटिश कोलंबियातल्या लियार्ड नदीच्या उष्ण झऱ्यांपाशी करावा. वॉटसन लेकहून हे ठिकाण सुमारे २१० किलोमीटरवर आहे. १९५७ पासून हे प्रांतीय उद्यान आहे. कॅम्पग्राउंडपासून दलदलीवर बांधलेल्या लाकडी पायवाटेने दहा-पंधरा मिनिटे चालत गेले की झाडीच्या मधोमध झऱ्याचे पात्र लागते. पाण्याचे तापमान ४२ ते ५२ अंश सेल्सियसपर्यंत असते. उगमाकडे अंग भाजते, खाली सरकत गेले की सोसवते. वज्रेश्वरी-अकलोलीच्या कुंडांत उतरलेल्या माणसाला गंधकाचा वास नवा नसतो, पण तेथे कुंडे बांधीव आहेत आणि येथे मात्र तळाशी खडी, काठाला नेचे आणि वर उत्तरेकडची सूचिपर्णी झाडे, असा सगळा नैसर्गिक थाट आहे. झऱ्यांच्या उबेमुळे एरवी इतक्या उत्तरेला न तगणाऱ्या वनस्पती येथे तगल्या आहेत. कपडे बदलायच्या खोल्या स्वच्छ होत्या, पायवाट सपाट असल्याने गुडघेदुखीवाल्यांनाही जमण्यासारखी आहे आणि पाण्यात उतरायला पायऱ्या व कठडा आहे. रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र पाण्यात फार वेळ बसू नये. हा अस्वलांचा प्रदेश आहे. १९९७ मध्ये येथे अस्वलाच्या हल्ल्यात माणसे दगावली होती, वरचे दुसरे कुंड अस्वलांच्या वावरामुळे लोकांसाठी बंद ठेवले आहे आणि कॅम्पग्राउंडभोवती विजेचे कुंपण आहे. हे वाचून घाबरून जाण्याचे कारण नाही, पण त्या कुंपणाआड भिंतींच्या गाडीत झोपणे तंबूपेक्षा निश्चिंत वाटते, हे कबूल केलेच पाहिजे. उन्हाळ्यात येथील जागा आधी राखून ठेवावी. मुक्कामी असणाऱ्यांना झऱ्यांसाठी वेगळे शुल्क पडत नाही, त्यामुळे आम्ही संध्याकाळी एकदा आणि पहाटे गर्दी नसताना पुन्हा एकदा जाऊन आलो.

लियार्डच्या आसपास रस्त्याच्या कडेला बायसन, म्हणजे तिकडचे रानगवे, चरत असतात, हे फोर्ट नेल्सनकडे जाताना आणि वॉटसन लेकहून येतानाही ध्यानात ठेवावे. मोठा नर नऊशे किलोपर्यंत भरतो आणि हॉर्न वाजवल्याने त्याच्या चालीत काडीचाही फरक पडत नाही. तो जाईपर्यंत थांबावे. पुढचे मंचो तळे हिरव्या-निळ्या रंगाचे आहे आणि रस्ता त्याच्या काठाला इतका चिकटून जातो की शेजारी बसलेल्याच्या खिडकीखाली पाणीच दिसते. तेथील स्ट्रॉबेरी फ्लॅट्स हे प्रांतीय कॅम्पग्राउंड लहान आहे. दुपारीच पोहोचून जागा धरावी. कड्यांवरचे क्षार चाटायला रानमेंढ्या रस्त्यावर उतरतात. आम्हाला तळ्याकाठी भात-पिठल्याचे जेवण चालू असताना, जेवणघराच्या काचेतून, त्यांचा एक कळप दिसला, आणि मोटरहोमच्या भाड्यातला मोठा हिस्सा त्या एका जेवणाच्या नावे टाकायला माझी हरकत नाही. टोड रिव्हरच्या लॉजचे छत प्रवाशांनी दिलेल्या हजारो टोप्यांनी भरलेले आहे. टेट्सा रिव्हरच्या लॉजवर दालचिनीचे गोड बन मिळतात, ते गरम असताना खावेत. एक बन दोघांना पुरतो. समिट लेकपाशी रस्त्याची सर्वांत जास्त उंची, सुमारे तेराशे मीटर, गाठली जाते. तेथून पुढच्या उतारावर ब्रेकवर पाय दाबून ठेवण्याऐवजी गिअर खाली आणावा. इतक्या वजनाच्या गाडीचे ब्रेक पाहता पाहता तापतात.

फोर्ट नेल्सन आले आणि आमचे मत हळूहळू बदलू लागले. येथे मे २०२४ मध्ये वणव्यामुळे सारे गाव खाली करावे लागले होते. उन्हाळ्यात या रस्त्यावर निघण्यापूर्वी वणव्यांची आणि रस्ताबंदीची सरकारी माहिती गावात रेंज असतानाच पाहून घ्यावी. फोर्ट नेल्सन ते डॉसन क्रीक हे सुमारे ४५० किलोमीटर अंतर जंगलातून जाते खरे, पण तेल-वायूच्या अवजड ट्रकांची वर्दळ वाढते, डोंगर मागे पडतात आणि मोटेले, उपाहारगृहे, पेट्रोल पंप पुन्हा दिसू लागतात. टेलरजवळ पीस नदीच्या खोऱ्यात उतरण्याचा आणि पलीकडे चढण्याचा रस्ता उभा आहे; ट्रकांच्या रांगेत ही गाडी हाकताना हातांना घाम सुटतो. डॉसन क्रीकला अलास्का हायवेचा शून्य मैलाचा खांब आहे. बहुतेकांचा प्रवास येथून सुरू होतो, आमचा संपत होता, म्हणून छायाचित्रासाठीच्या रांगेत आम्हीच तेवढे दमलेले दिसत होतो. आल्बर्टात शिरल्यावर घड्याळ एक तास पुढे करावे लागते. ग्रँड प्रेरीच्या पुढचा रस्ता चौपदरी आणि सपाट आहे, वारा बाजूने लागला की उंच गाडी डुलते, आणि उतरायला जागा म्हणाल तर मोठ्या दुकानांची पार्किंगे किंवा महामार्गाच्या आवाजातली खाजगी कॅम्पग्राउंडे. तेथल्या मुक्कामाच्या रात्री अर्ध्या भाड्यात मिळाली असती अशी मोटेलची खोली आम्हाला समोर दिसत होती.

खर्चाचे सांगायचे तर मोटरहोमचा प्रवास साधी गाडी आणि मोटेल यांच्या बेरजेपेक्षा महागच पडला. दिवसाचे भाडे जाहिरातीत दिसते तेवढे आटोपशीर असते. त्यावर किलोमीटरचे वेगळे पैसे, भांडी-पांघरुणांच्या संचाचे माणशी पैसे, विमा, आणि दुसऱ्या शहरात गाडी सोडण्याचे घसघशीत शुल्क चढते. हे शेवटचे शुल्क नोंदणीच्या वेळीच लेखी घ्यावे. युकॉनमध्ये स्थानिक विक्रीकर नसल्याने केवळ पाच टक्के केंद्रीय कर लागतो, एवढाच काय तो दिलासा. काचेचा विमा वेगळा असतो आणि तो टाळू नये: या रस्त्यावर खडी पसरलेले दुरुस्तीचे पट्टे असतात आणि समोरून येणाऱ्या ट्रकच्या चाकाखालचा दगड काचेवर येतो. आमच्या काचेवर दोन ठिकाणी टवके उडाले होते. एडमंटनच्या डेपोतल्या कर्मचारी बाईंनी ते वहीत टिपून घेतले, विम्याचा कागद पाहिला, टाक्या रिकाम्या आहेत की नाही ते तपासले आणि बॅटरीच्या तक्रारीबद्दल एका दिवसाच्या भाड्याचा काही भाग परत करण्याचे मान्य केले. तो परत मिळालाही. पुन्हा जाणे झाले तर आम्ही गाडी व्हाइटहॉर्सलाच घेऊ, व्हाइटहॉर्सलाच परत करू, लियार्डपर्यंत जाऊन तेथून माघारी फिरू आणि घरी विमानाने येऊ.